डाळीचं पीठ लावा, पण आधी तेल

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, रोज स्कूटीवरून येऊन-जाऊन ४० किलोमीटर. चेहरा काळवंडलाय, हाताला खरखरीत लागतो, पावडर लावली की "गिरणीतून आल्यासारखा" दिसतो. नाकावर काळे ठिपके आहेत. बाजारच्या स्क्रबने आग होते, म्हणून काहीतरी नैसर्गिक आणि सौम्य हवंय. मावशी अक्रोडाचं सांगते, मैत्रीण साखर-लिंबू सांगते, मोबाइलवर सगळे कॉफी सांगतात. यातलं कोणतं लावू, आठवड्यातून कितीदा, आणि १२ वर्षांच्या लेकीला तेच चालेल का?

मी परभणीत त्वचारोगाची डॉक्टर आहे, १९ वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा तरी कानावर येतो आणि दर वेळी तोंड उघडण्याआधी मी समोरच्या बाईच्या गालावरून बोटांची मागची बाजू फिरवून बघते. तुमच्या गालापर्यंत माझा हात पोचत नाही. त्यामुळे पुढे बरंच काही "असं असेल तर असं" या चालीवर येईल, ते चालवून घ्या.

तुमच्या मजकुरातलं एक वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं: "घासलं की दोन तास मऊ लागतं, संध्याकाळी पुन्हा तसंच." आता बघा, साठलेली मेलेली कातडी असती तर ती सकाळी काढल्यावर संध्याकाळी परत कुठून आली? त्वचेची पेशी तळाच्या थरात तयार होऊन वर येते आणि गळून पडते, याला तरुणपणी साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे आणखी. सहा-आठ तासांत जे परत येतं ते साठणं नव्हे, सुकणं असतं. माझा अंदाज असा की तुमचा चेहरा मळलेला कमी आणि तहानलेला जास्त आहे. स्क्रब शोधताय, पण दुखणं वेगळंच असावं.

अंदाज खरा की खोटा हे घरच्या घरी कळतं. चार रात्री काहीही घासू नका. कोमट पाण्याने चेहरा धुवा, साबण नको. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या आणि चेहरा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पाचव्या दिवशी सकाळी डोळे मिटून गालावर बोट फिरवा. खरखर गेली असेल तर तुम्हाला स्क्रबची फारशी गरजच नाही, महिन्यातून एकदा-दोनदा हौस म्हणून करा. तरीही हनुवटीच्या खाली, नाकाच्या बाजूला बारीक रव्यासारखं काही लागत असेल तर तेवढं खरं साठलेलं. त्याच्यासाठी पुढे घरचाच उपाय देते.

तुम्ही खेड्यातल्या शाळेत शिकवता, म्हणजे माळवदाची, मातीच्या सपाट छपराची घरं पाहिली असतील. लाकडी सरे, वर चिपाट्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. त्या मातीनेच पाऊस अडतो आणि उन्हाळ्यात घर गार राहतं. आमच्या आजोळी मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती पडायची. वरचा पालापाचोळा आजी हलक्या हाताने झाडायची, पण कोणी फावड्याने खरवडायला गेलं की ओरडायची, "गळंल की रे घर!" चेहऱ्याचा वरचा मेलेल्या पेशींचा थर हे तुमचं माळवद. १५-२० पापुद्र्यांचा, सगळा मिळून केसाच्या जाडीहूनही पातळ. आतलं पाणी धरून ठेवायचं आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही हे काम तो करतो. झाडलं तर बरं, खरवडलं तर गळतं. गळायला लागलं की साध्या पाण्यानेही आग होते. बाजारच्या स्क्रबने तुम्हाला आग होते ना, ती मला याच खात्यातली वाटते.

आता पाण्याकडे येते, कारण आपल्याकडे अर्धं दुखणं तिथून सुरू होतं. तुमच्या घरी बोअरचं पाणी असेल, तर ते जड आहे का हे सांगायला प्रयोगशाळा नको. त्या पाण्यात तुरीची डाळ वेळेत शिजते का? बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो का? साबण फेसाळायला त्रास देतो का? जड पाण्यातल्या चुना-मॅग्नेशियमशी साबण मिसळला की एक चिकट चोथा तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. तो चेहऱ्यावर राहतो, त्वचा ओढल्यासारखी करतो, आणि गंमत म्हणजे बोटांनी चोळलं की त्याच्या बारीक वळकट्या निघतात. बायका मला त्या वळकट्या दाखवतात, "बघा मॅडम, किती मळ निघतो!" त्यात बराचसा साबणच असतो. डाळीचं पीठ लावलं असेल तर पीठ असतं. काय निघालं यावरून काही ठरवू नका.

म्हणून अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नका. साबणाचा सामू (पीएच, आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) ९ ते १०, चेहऱ्याचा ५ च्या आसपास. साबण नसलेला सौम्य क्लेन्झर घ्या, तोही दिवसातून एकदा, संध्याकाळी शाळेतून आल्यावर. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्याचा. एकच तांब्या म्हणते, कारण २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. जारच्या पाण्याने तोंड धुवा असं मराठवाड्यात सांगताना जीभ जरा अडखळतेच.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: सध्या चेहऱ्याला काय लावता? हे विचारल्याशिवाय मी कोणालाच स्क्रब सांगत नाही. मेडिकलवरून आणलेली, "गोरं करणारी" म्हणून मैत्रिणीने सुचवलेली एखादी ट्यूब आहे का? असेल तर तिच्या मागचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात गेलं की पेटते, बारीक फोड येतात, गालावर लव वाढते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात जाऊन नाव सांगितलं की आजही मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. अशा चेहऱ्याला जगातला कुठलाच स्क्रब सौम्य नसतो. ती ट्यूब बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, दाखवून घ्या. एकदम सोडली की चेहरा भडकतो, बाई घाबरते आणि परत तीच लावते.

आणखी काही जणींनी चेहरा घासूच नये. पिकलेल्या, पू असलेल्या पुटकुळ्या असतील तर नको. गालावर दोन्हीकडे तपकिरी वांग असेल तर नको, घासून वांग जात नाही, गडद होतो. बारीक चपट्या चामखिळी असतील तर अजिबात नको, त्या घासण्याच्या रेषेत पेरल्यासारख्या उगवतात. रात्री अडापलिन किंवा ट्रेटिनॉइन ही पुटकुळ्यांवरची मलमं लावत असाल तर नको, कारण ती औषधं तेच काम आतून करत असतात. थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्सिंगच्या आधी-नंतर तीन-चार दिवस नको. आणि ज्या दिवशी नुसत्या पाण्यानेही चुरचुरतंय त्या दिवशी तर नकोच.

हे मी पुस्तकातून कमी आणि चुकांमधून जास्त शिकले. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. चाळिशीच्या एक बाई आल्या, खेड्यातल्या. पाठीवर आणि दंडावर काळसर, वाळूवर पाणी ओसरल्यावर उठतात तशा लहरी. मी मलम दिलं. दोन महिन्यांनी परत आल्या, होतं तसंच. मी वरचं मलम दिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मीच वैतागले होते. तपासताना त्यांच्या दंडावर ताजे ओरखडे दिसले. "आंघोळ कशी करता?" असं तेव्हा पहिल्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, "घासणीनं घासते की मॅडम. भांड्याची नव्हं, नवी आणलीया. पण मळच निघंना." तो मळ नव्हताच. घासून घासून त्वचेने तिथे रंग धरला होता. जितका काळा दिसेल तितकं त्या जास्त घासायच्या, जितकं घासतील तितका तो काळा व्हायचा. घासणी बंद झाली, तेल सुरू झालं, आणि सात-आठ महिन्यांत लहरी फिकट झाल्या. दोन मलमांचे पैसे मात्र मी त्यांना वाया घालवायला लावले होते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा हा स्वभावच आहे. ऊन फार चांगलं सोसते, पण इजा झाली की तिथे डाग ठेवते. जखम लागते, भाजतं, पुटकुळी फुटते, रगडलं जातं, सगळ्याचा हिशोब ती काळ्या शाईने लिहून ठेवते आणि तो पुसायला महिने लावते. म्हणून गोऱ्या कातडीवरचे व्हिडिओ बघून आपण रगडायला जाऊ नये. त्यांच्याकडे लाली येऊन दोन दिवसांत जाते, आपल्याकडे डाग राहतो.

आता तुमच्या यादीकडे.

अक्रोडाचं म्हणजे अक्रोडाच्या टरफलाची पूड. भिंगाखाली बघितली तर फुटलेल्या कौलासारखे कण दिसतात, टोकदार, प्रत्येक वेगळ्या आकाराचा. टाचेला ठीक, चेहऱ्याला नाही. जर्दाळूच्या बियांच्या पुडीचंही तेच. कॉफीचा चोथा अक्रोडाइतका टोकदार नसतो, पण ओबडधोबड असतो, आणि कॉफीने त्वचा घट्ट झाल्यासारखी वाटते ती तासाभराची मजा आहे. कोपर-गुडघ्यांना वापरा. साखर पाण्यात विरघळते हा तिचा गुण, पण विरघळायच्या आधीचे चार सेकंद ती काचेच्या चुऱ्यासारखी वागते. खाण्याचा सोडा तर चेहऱ्याजवळ आणूच नका.

लिंबाबद्दल मात्र जरा जास्त बोलणार, कारण ते प्रकरण माझ्या स्वतःच्या गळ्यावर झालंय. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामेबहिणीचं लग्न, मे महिना, हळदीच्या दिवशी सकाळी मी लिंबाची फोड साखरेत बुडवून गालावर आणि गळ्यावर चोळली, आणि तशीच अंगणात मांडवाच्या कडेला उन्हात बसले. तिसऱ्या दिवशी गळ्यावर तपकिरी ओघळ उठला. ओघळच, कारण रस जिथून जिथून खाली उतरला होता बरोबर तिथेच. गालावर वाचलं, गळ्यावर नाही. लग्नाच्या फोटोत मी पदर गळ्याशी ओढून उभी आहे. तो डाग गौरी-गणपतीपर्यंत होता. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. कधी फोड येतात, कधी नुसता डाग. शिवाय लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास. चेहऱ्याच्या ५ शी त्याची तुलना करून बघा. मैत्रिणीला सांगा, लिंबू पोह्यांवर पिळायचं.

पपईत पपेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते मेलेल्या पेशींची बांधणी सैल करतं, न घासता. कल्पना चांगली. पण कच्च्या पपईचा चीक भाजतो आणि काहींना ॲलर्जी करतो, आणि पिकलेल्या फोडीत पपेन फार उरत नाही. असलीच घरात तर पाच मिनिटं लावा, मुद्दाम आणू नका. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून ज्यांचा चेहरा दुपारी तुपासारखा चमकतो त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी नाही, आणि ज्यांना चालते त्यांनीही ती तडकेपर्यंत चेहऱ्यावर ठेवू नये. हळद आपल्या वसमतची असली तरी चिमूटभरच, कारण ती रंगवते, आणि हळदीचीही ॲलर्जी होते. मी पाहिली आहे.

दह्याबद्दल माझं मत चांगलं आहे. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, साधारण एक टक्क्याच्या आसपास. आंबलेल्या दुधातून हे आम्ल १७८० मध्ये शेले नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने वेगळं काढलं. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी माशाच्या खवल्यांसारखी कातडी होते त्या आजारावर याच कुळातली आम्लं वापरून दाखवली, आणि तिथून आज दुकानात मिळणारे या आम्लांचे "पील" आणि "सीरम" सुरू झाले. दुकानातल्या बाटलीत हेच आम्ल ५-१० टक्के असतं, म्हणजे दही त्या मानाने फार मवाळ. तुमच्यासारख्या चुरचुरणाऱ्या चेहऱ्याला मवाळच हवं. फक्त ताजं घ्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहून आंबट-ढाण झालेलं नको, ते कढीला ठेवा.

आणि उटणं. उटणं चांगलं की वाईट असं मला सगळे विचारतात. आजीचं उटणं म्हणजे फक्त पूड नव्हती, ते आपण विसरलो. नरक चतुर्दशीला पहाटे आधी तेल लागायचं, अंगभर, चोळून, जिरवून. मग त्या तेलावर उटणं. तेलामुळे पूड घसरायची, ओरखडायची नाही, आणि उटणं वरचं जास्तीचं तेल उचलून न्यायचं. आपण तेल गाळलं आणि कोरडी पूड पाण्यात कालवून चेहऱ्याला घासायला लागलो. वर ते दर दोन दिवसांनी. आजीची रीत अर्धीच उचलली आणि दोष उटण्याला दिला.

विकतच्या उटण्याच्या पुडीवरचे घटक वाचून घ्या. काही पुड्यांमध्ये बावची असते. बावचीत सोरालेन असतं, कोडावर आम्ही ते उन्हाच्या जोडीने औषध म्हणून वापरतो, कारण ते त्वचेला उन्हाबाबत हळवं करतं. सकाळी बावचीचं उटणं लावून दिवसभर स्कूटीवर फिरणं म्हणजे माझ्या मांडवातल्या लिंबासारखंच.

आता जे करायचं ते. मी स्वतः करते तेच सांगते.

मसुराची डाळ ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि मिक्सरमधून काढा. मसूर नसेल तर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ चालतं. ज्वारीचं पीठही चालतं, ते तर आपल्या घरी रोजचंच. पण भाकरीचं पीठ थेट डब्यातून घेऊ नका. पिठाच्या चाळणीने भागत नाही, वस्त्रगाळ करायचं. जुन्या मऊ धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा वाटीवर ताणून धरा, त्यावर दोन चमचे पीठ घाला आणि बोटाने गोल फिरवा. खाली जे पडेल ते दोन बोटांत चिमटीत धरून बघा. पावडरसारखं गुळगुळीत लागलं, एकही कण टोचला नाही, तर झालं. वर जे राहिलं ते टाचेला. ही कोरडी पूड घट्ट झाकणाच्या बाटलीत महिना-दीड महिना राहते. पाणी किंवा दही घातलेलं मात्र तेव्हाचं तेव्हा संपवायचं. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, पिठात बुरशी दिसायच्या आधीच धरलेली असते.

रविवारची संध्याकाळ निवडा, कारण नंतर उन्हात जायचं नाही आणि सोमवारपर्यंत चेहऱ्याला एक रात्र मिळते. चेहरा नुसत्या पाण्याने ओला करा. तळहातावर करडईच्या तेलाचे चार-पाच थेंब घ्या आणि चेहऱ्याला लावा. करडई का? एक तर ती आपली आहे. रब्बीत मराठवाड्याचं रान तिच्या पिवळ्या-केशरी फुलांनी भरतं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिची वाणं काढली आहेत. दुसरं असं की तिच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि त्वचेला आपली पांढरी माती तयार करायला तेच लागतं. खोबरेल अनेकींच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या काढतं, मोहरीचं झोंबतं. करडईचं तेल लवकर खवट होतं तेवढं बघा, छोटी बाटली आणा, वास बदलला की टाकून द्या.

तेलावर पेस्ट. एक चहाचा चमचा पूड, दीड चमचा दही. ती ओघळायला नको आणि घट्टही नको, भज्याच्या पिठापेक्षा किंचित सैल. बोटांनी लावा, तीन-चार मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. वाळायला लागली तर ओल्या हाताने टिपा. मग बोटं ओली करून फिरवा. किती जोर? कच्च्या अंड्याच्या बलकावरून बोट फिरवताय आणि तो फुटायला नको, एवढाच. अनामिकेने करा, तिला तर्जनीइतका जोरच लावता येत नाही. कपाळ, नाक, हनुवटी मिळून अर्धा मिनिट, गालांना त्याहून कमी, डोळ्यांखाली काहीच नाही. धुवा, शेवटचा तांब्या जारच्या पाण्याचा, टिपा आणि लगेच मॉइश्चरायझर.

आता दहा मिनिटं थांबून आरशात बघा. चेहरा होता त्याच रंगाचा, जरा मऊ, शांत दिसला तर जमलं. लाल झाला, तापला, ओढल्यासारखा झाला तर जोर तरी जास्त झाला किंवा दही तरी मानवलं नाही. पुढच्या वेळी दह्याऐवजी दूध किंवा साधं पाणी घ्या. तरीही तेच झालं तर घासणं तुमच्या चेहऱ्याचं कामच नाही असं समजा आणि तेल-मॉइश्चरायझरवर थांबा. पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी पेस्ट लावून दोन दिवस बघा. दोन दिवस अशासाठी की ॲलर्जी लगेच उठत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. "दहा मिनिटांत काही झालं नाही" याला अर्थ नाही.

म्हणजे क्रम असा: आधी चार रात्रींची परीक्षा, मग साबण बंद, मग कोपरावर चाचणी, आणि सगळं ठीक असेल तर दर दहा दिवसांनी एकदा तेल, मग पीठ-दही. आठवड्यातून दोनदा नाही. उन्हाळ्यात चेहरा तेलकट राहत असेल तर आठवड्याला एकदा, थंडीत ओठ फुटायला लागले की तीन आठवड्यांतून एकदा.

काळवंडण्याबद्दल सरळ सांगते. दंडाची आतली, काखेजवळची बाजू आरशात बघा. तिथे ऊन जात नाही, तोच तुमचा मूळ रंग. चेहरा फार तर तिथपर्यंत येईल, त्याच्या पुढे कुठलंही पीठ नेणार नाही, आणि नेण्याची गरजही नाही. तिथपर्यंत यायलाही स्क्रबने नाही, ऊन अडवल्याने येईल. ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, चेहरा आणि गळा मिळून दोन बोटं भरून, निघायच्या १५ मिनिटं आधी. दुपारी परतताना पुन्हा. स्टाफरूममध्ये कोणी हसेल, हसू द्या.

आणि तो स्कार्फ. स्कूटीवर आपण सगळ्याच बांधतो, मीही बांधते. पण तो रोज धुता का? घाम, धूळ, पेट्रोलचा धूर बसलेलं सिंथेटिक कापड ४० किलोमीटर गालावर घासतंय, तेही रोज. तुमची खरखर नेमकी नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर, म्हणजे स्कार्फ जिथे घट्ट बसतो तिथेच आहे का, एवढं बघून मला कळवा. असेल तर मऊ सुती स्कार्फ घ्या, दोन ठेवा, रोज आलटून-पालटून धुवा. एका कॉलेजच्या मुलीचं मी नुसतं कापड बदललं होतं, औषध काही दिलं नव्हतं. महिन्याभराने ती आली ती आईचे पाय दाखवायला.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्रात तेल असतं, त्याच्या तोंडाला हवा लागून आणि त्वचेचा रंग मिसळून ते काळं दिसतं. दाबून काढलं तरी काही आठवड्यांत परत भरतं, कारण ते भरणं हे त्या छिद्राचं कामच आहे. पीठ तिथे पोचत नाही. फारच खटकत असेल तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड, फक्त नाकावर, आठवड्यातून दोन रात्री, आणि स्क्रबच्या दिवशी नाही. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते लावण्याआधी विचारा.

आता लेक. १२ वर्षांच्या मुलीला स्क्रब नको, घरचाही नको. तुम्ही लिहिलंय की तिच्या कपाळावर बारीक दाणे आलेत, गालावर काही नाही. मी पैज लावते की तुम्ही तिला शाळेत पाठवताना केसांना चापून तेल लावून दोन वेण्या घालता. ते तेल ऊन चढलं की कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजवतं, म्हणून दाणे फक्त कपाळावर. तेल शनिवारी रात्री लावा, रविवारी न्हाऊ घाला, आणि सोमवारी कोरड्या वेण्या. कपाळावरचे केस मागे घ्या, उशीचा अभ्रा आठवड्याला बदला. तिला दाणे फोडू देऊ नका, रागावून नाही, नखं कापून. दोन महिन्यांत कमी झाले नाहीत, किंवा गालावर दुखणारे मोठे फोड यायला लागले, तर जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीला घेऊन या, आणि येताना घरात तिच्या चेहऱ्याला जे जे लावलं असेल त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा.